सोशल मीडियावर आपली किती माहिती उघडी आहे, ते घरबसल्या कसं मोजायचं

प्रायव्हसीवर सल्ले भरपूर मिळतात. हे सेटिंग बंद करा, ते ॲप काढून टाका, पासवर्ड बदला. पण यातल्या कुठल्या गोष्टीत खरा धोका आहे आणि कुठली नुसतीच भीती, हे कोणी नीट सांगत नाही, मग माणूस उत्साहात चार सेटिंग बदलतो आणि आठवड्याभरात कंटाळून सोडून देतो. म्हणून आम्ही घरी आधी मोजायचं ठरवलं. माझी, नवऱ्याची, सासूबाईंची आणि आमच्याकडे राहून कॉलेज करणाऱ्या भाचीची, अशी सगळ्यांची अकाउंटं एकत्र बसून तपासली, वहीत आकडे मांडले आणि सगळ्यात मोठ्या आकड्यापासून कमी करत गेलो. ते कसं केलं ते इथे पायरीपायरीने लिहिते. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं फार कळायची गरज नाही, बेरीज गुणाकार आला की झालं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. सुटी माहिती सहसा फार नुकसान करत नाही, ती दुसऱ्या माहितीला जोडली गेली की करते. तुमचं गाव सगळ्यांना माहीत असलं तरी चालतं, वाढदिवस माहीत असला तरी चालतं, पण गाव, वाढदिवस, मोबाइल नंबर आणि मामाचं आडनाव हे चारही एकाच अनोळखी माणसाच्या हातात पडलं की खेळ बदलतो. म्हणून आपण सुटी माहिती पण मोजणार आणि तिच्या जोड्या पण मोजणार.

काय काय लागेल

- वही किंवा स्प्रेडशीट. ही कुठल्याही ग्रुपवर शेअर करायची नाही, कारण पुरी झाली की तीच तुमची सगळ्यात नाजूक फाइल असते
- लॅपटॉप किंवा फोनवर ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो
- तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये नसलेल्या एखाद्या विश्वासातल्या माणसाचा फोन
- आजवर वापरलेल्या सगळ्या ईमेलची, मोबाइल नंबरची (बंद पडलेले पण) आणि युजरनेमची यादी
- सलग मोकळी दुपार, आणि घरातलं एक माणूस सोबतीला. आपल्याच प्रोफाइलमध्ये आपल्याला सवयीने बरंच दिसत नाही, दुसऱ्याला लगेच दिसतं

१. आधी अकाउंटांची यादी करा

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एवढीच नावं आठवतात, पण ट्रूकॉलर, टेलिग्राम, लिंक्डइन, नोकरीच्या साइट, वधूवर सूचक साइट, जुन्या वस्तू विकायच्या साइट, शेअरचॅट, रनिंगचं ॲप, हे सगळं पण धरायचं. आणि गुगल मॅप्सवर टाकलेले रिव्ह्यू हमखास राहतात. तुमच्या नावावर क्लिक केलं की तुम्ही आजवर रिव्ह्यू दिलेली सगळी ठिकाणं ओळीने दिसू शकतात, जवळचा दवाखाना, किराणा दुकान, मुलांचा क्लास, जिम. त्यावरून कोणीही सांगेल तुम्ही कुठल्या भागात राहता.

ईमेलच्या इनबॉक्समध्ये "वेलकम" आणि "व्हेरिफाय" असं शोधलं की विसरलेली अकाउंटं पण वर येतात. प्रत्येकापुढे युजरनेम लिहा. सगळीकडे एकच युजरनेम असेल तर त्यावर गोल करा, कारण त्या एका नावाने सगळी अकाउंटं एकमेकांना जोडली जातात.

२. अनोळखी माणूस बनून स्वतःला शोधा

इनकॉग्निटो विंडो उघडा, कुठेच लॉगिन करू नका आणि शोधा. पूर्ण नाव अवतरणचिन्हात टाकून, मराठीत आणि इंग्रजीत, आणि इंग्रजीतली जेवढी स्पेलिंग संभवतात तेवढ्या सगळ्यांनी. मोबाइल नंबर सलग, मग पाच आकड्यांनंतर जागा सोडून, मग पुढे ९१ लावून. ईमेल, युजरनेम. प्रोफाइल फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा तोच फोटो अजून कुठे आहे. "हॅव आय बीन पोन्ड" या साइटवर ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या डेटा लीकमध्ये आला आहे ते फुकटात कळतं. जे जे सापडेल ते वहीत.

मग त्या विश्वासातल्या माणसाचा फोन घ्या आणि यूपीआय ॲपमध्ये तुमचा मोबाइल नंबर टाका. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त नंबर टाकायचा. बँकेत असलेलं तुमचं नाव समोर येतं. आपल्याकडे बँकेतलं नाव म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं तिहेरी असतं. म्हणजे फेसबुकवर तुम्ही टोपणनावाने असाल आणि तिथे कधी नंबर दिला असेल, तर त्या टोपणनावाचा काही उपयोग राहत नाही.

त्याच फोनवर तुमचा नंबर सेव्ह करून व्हॉट्सॲपवर काय दिसतं ते पण बघा, फोटो, अबाउट, लास्ट सीन. २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की नंबर तपासत तपासत व्हॉट्सॲपची साधारण ३५० कोटी अकाउंटं हुडकता येत होती आणि त्यातल्या ५७ टक्के लोकांचा प्रोफाइल फोटो कोणालाही दिसत होता. व्हॉट्सॲपने नंतर तो रस्ता आवळला, पण फोटो "एव्हरीवन" ठेवायचा की "माय कॉन्टॅक्ट्स" हे आपल्यालाच ठरवायचं असतं.

सरकारी नोंदींचं वेगळं पान करा. मतदार यादीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. गावाकडे जमीन असेल तर महाभूमीच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावाने सातबारा शोधता येतो आणि त्यावर क्षेत्र आणि बँकेचा बोजा दोन्ही दिसतं. हे तुम्ही पुसू शकत नाही, पुसायचं कारण पण नाही, पण कोणी जोड्या लावायला बसला तर हे त्याला तयार मिळतं, म्हणून त्याची नोंद हवी.

३. तक्ता मांडा आणि गुणाकार करा

ही कल्पना माझी नाही. २००९ मध्ये कुन लियू आणि एविमारिया तेर्झी या दोन संशोधकांनी सोशल नेटवर्कवरच्या माणसाचा प्रायव्हसी स्कोर काढायची रीत मांडली. थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक माहितीचे दोन आकडे काढायचे, ती किती नाजूक आहे आणि ती किती जणांना दिसते, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. त्यांचं गणित यापेक्षा बरंच पुढचं आहे. एखादी माहिती किती नाजूक हे ते मनाने ठरवत नाहीत, बहुतेक लोक जी गोष्ट लपवतात ती नाजूक आणि जी सगळे सर्रास टाकतात ती कमी नाजूक, असं लोकांच्या वागण्यावरून काढतात. घरी करायला आपण साधी पट्टी वापरू.

नाजूकपणा १ ते ५. चुकीच्या माणसाच्या हाती लागलं तर पैशाचं, शरीराचं किंवा अब्रूचं किती नुकसान होऊ शकतं, एवढाच प्रश्न विचारायचा.

दिसणं ० ते ४. फक्त मलाच दिसत असेल तर ०, निवडक माणसांना १, सगळ्या फ्रेंड्सना किंवा कॉन्टॅक्टना २, फ्रेंड्सच्या फ्रेंड्सना किंवा एखाद्या मोठ्या ग्रुपला ३, कोणालाही ४. यात एक खाच आहे. तुमचे फ्रेंड हजाराच्या वर असतील आणि त्यातल्या निम्म्यांना तुम्ही रस्त्यात ओळखणार नसाल, तर २ ऐवजी सरळ ३ धरा. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, गावकीचा ग्रुप, हे पण ३ च, तिथून फॉरवर्ड कुठे जातं ते कोणाला माहीत नसतं.

एक उदाहरण घेऊ, माणूस काल्पनिक आहे. चौतिशीतली बाई, माहेर साताऱ्याचं, पुण्यात नोकरी, एक मुलगा. तिचा तक्ता असा निघतो:

- जन्मतारीख वर्षासकट, सगळ्या फ्रेंड्सना दिसते: ४ × २ = ८
- मोबाइल नंबर, सोफा विकायच्या जाहिरातीत उघड लिहिलेला: ४ × ४ = १६
- माहेरचं आडनाव, प्रोफाइलच्या नावातच आहे: ३ × ४ = १२
- मूळ गाव: १ × ४ = ४
- नोकरीचं ठिकाण: २ × ४ = ८
- मुलाची शाळा, युनिफॉर्ममधले फोटो फ्रेंड्सना दिसतात: ५ × २ = १०
- घराचा पत्ता, वास्तुशांतीचं निमंत्रण निवडक लोकांना पाठवलेलं: ४ × १ = ४

बेरीज ६२. सगळं सगळ्यांना उघडं असतं तर ९२ झाली असती, म्हणजे ती साधारण ६७ टक्क्यांवर आहे. हा आकडा दुसऱ्याशी तुलना करायला काढायचा नाही, कारण तुमचे ५ आणि माझे ५ वेगळे असतात. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईसाठी घरचा पत्ता हा सगळ्यात वरचा आकडा असतो, दुकानदारासाठी तोच पत्ता १ असतो. आकडा लागतो तो आपलाच आजचा आणि महिन्यानंतरचा ताडून बघायला, आणि आधी कशाला हात घालायचा ते ठरवायला.

इथे बहुतेक जण एक चूक करतात, ज्याची लाज वाटते त्याला ५ देतात. कॉलेजातला जुना विचित्र फोटो लाजिरवाणा असेल, पण त्याने बँकेतले पैसे जात नाहीत. आणि जन्मतारखेला सगळे १ देतात कारण वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाल्या की बरं वाटतं. जन्मतारीख ४ का, ते पुढच्या पायरीत बघा.

४. जोड्या शोधा, खरा धोका इथे आहे

तक्त्यातल्या दोन दोन ओळी घ्या आणि विचारा, या दोन्ही एकाच माणसाकडे असतील तर कुठलं कुलूप उघडतं?

नाव आणि जन्मवर्ष. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. आता झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपने पाठवलेली ती पीडीएफ तिथल्या कॉम्प्युटरवर किती दिवस पडून असते ते तुम्हीच विचार करा, तिच्या कुलपाची किल्ली तुमच्या फेसबुकवर आहे.

पॅन आणि जन्मतारीख. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची पीडीएफ, जिच्यात तुमचं व्याज, शेअर्स, मोठे व्यवहार सगळं असतं, ती लहान अक्षरातला पॅन आणि पुढे जन्मतारीख टाकली की उघडते. आणि पॅनचा फोटो टाकताना अर्धा नंबर झाकला म्हणून निश्चिंत राहू नका, वैयक्तिक पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं तुमच्या आडनावाचं पहिलं, म्हणजे दोन जागा तर कोणालाही आधीच माहीत असतात.

दहावी बारावीचा सीट नंबर आणि आईचं नाव. बोर्डाच्या साइटवर निकाल बघायला एवढंच लागतं. हॉल तिकिटाचा फोटो "ऑल द बेस्ट" म्हणून स्टेटसला ठेवला आणि आईचं नाव फेसबुकवर टॅग आहे, म्हणजे निकालाच्या दिवशी पोराच्या आधी दुसरंच कोणीतरी मार्क बघतं.

आडनाव आणि पीएनआर. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी इन्स्टाग्रामवर बोर्डिंग पासचा फोटो टाकला. त्यावरच्या बुकिंग क्रमांकाने एका तरुणाने विमान कंपनीच्या साइटवर लॉगिन केलं आणि त्याला तिथून त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर मिळाला. त्याने ते सरकारला कळवलं म्हणून पुढे काही झालं नाही. नंबर झाकून बारकोड तसाच ठेवला तरी फरक पडत नाही, बारकोड फोनने वाचता येतो.

घराचा पत्ता आणि "चाललो कोकणात, आठ दिवस सुट्टी" हे स्टेटस. ही जोडी समजावून सांगायला नको.

आपल्याकडचा सगळ्यात बोलका दाखला २०१८ चा आहे. दूरसंचार नियामक ट्रायचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी ट्विटरवर आपला बारा आकडी आधार नंबर टाकला आणि याने माझं काय नुकसान होतं ते दाखवा असं आव्हान दिलं. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, जन्मतारीख, पॅन, पत्ता असं बरंच काही पुढे आणलं. आधार प्राधिकरणाने सांगितलं की ही माहिती आमच्या डेटाबेसमधून गेलेली नाही, ती आधीपासूनच इंटरनेटवर उपलब्ध होती, आणि लोकांना आधार नंबर असा उघड टाकू नका असंही बजावलं. शर्मांचं म्हणणं होतं की त्यांचं काहीच बिघडलं नाही. आपल्या कामाचा भाग एवढाच की कुठलाही डेटाबेस न फोडता, उघड्यावर असलेले तुकडे जोडून, लोक इतक्या लवकर इतक्या लांब पोचले.

प्रत्येक धोकादायक जोडीला तक्त्यात जादा १० गुण धरा. वरच्या काल्पनिक बाईच्या अशा दोन जोड्या निघतात, मोबाइल नंबर आणि यूपीआयवरचं पूर्ण नाव ही एक, मुलाची शाळा आणि नोकरीचं ठिकाण ही दुसरी. शाळेच्या बाहेर मुलाला "तुझ्या आईच्या ऑफिसमधून आलोय" असं सांगता येण्याइतकं त्यात आहे. म्हणजे ६२ चे ८२ झाले.

५. गर्दीत तुम्ही किती लपता ते मोजा

नाव नसलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेने जनगणनेचे आकडे घेऊन दाखवलं होतं की फक्त पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली सुमारे ८७ टक्के माणसं एकटी वेगळी काढता येतात. त्याच वाटेने त्यांनी नाव काढून टाकलेल्या दवाखान्याच्या नोंदींमधून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली होती, मतदार यादीशी जोडून.

आपल्या गावासाठी हे कागदावर करता येतं. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. त्यात बायका धरा १५ लाख. तिशीच्या आसपासच्या एका वयाच्या अंदाजे दोन टक्के धरल्या तर ३० हजार, भागिले ३६५, म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या ऐंशीएक बायका. आता सातारा शहर घ्या, लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार. तोच हिशोब केला तर तीन बायका उरतात. त्यात "शिक्षिका" एवढा एक शब्द जोडला की एकच उरते, नाव न सांगता.

म्हणून छोट्या गावातल्या माणसाने पूर्ण जन्मतारखेला एक गुण वाढवून ४ चे ५ करावेत. निनावी अकाउंटवरून आपल्या आजाराबद्दल किंवा घरातल्या त्रासाबद्दल लिहिणाऱ्यांनी तर हा हिशोब आधी करावाच. वय "पस्तिशीच्या आसपास" आणि गाव "पश्चिम महाराष्ट्र" एवढंच ठेवलं तरी तुम्ही परत हजारोंच्या गर्दीत जाता.

६. दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल टाकलेलं

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात एका ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती राजकीय प्रचार करणाऱ्या कंपनीकडे गेली होती. २०१८ मध्ये फेसबुकने त्याचे जे आकडे दिले त्यात भारतात ते ॲप घेतलेली माणसं फक्त ३३५ होती, आणि त्यांच्या फ्रेंडलिस्टमुळे ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती ते ५ लाख ६२ हजारांच्या वर. या लाखो लोकांनी काही केलेलंच नव्हतं.

आपल्या घरात हे काम ॲप करत नाही, मावशी आणि काका करतात, तेही प्रेमाने. आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा भाचीच्या मोठ्या बहिणीच्या बायोडेटाचा निघाला. लग्नाचा बायोडेटा नीट वाचून बघा एकदा, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, उंची, रक्तगट, शिक्षण, कंपनी, पगार, वडिलांचा हुद्दा, भावंडं, शेती, मामांची नावं गावासकट, घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि फोटो. कुठल्याही बँकेच्या फॉर्मपेक्षा यात जास्त आहे. आणि मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, जे कितीतरी ठिकाणी पासवर्ड विसरल्यावर विचारतात. हा कागद एका वधूवर ग्रुपमधून दुसऱ्यात जातो आणि मुलीचं लग्न होऊन वर्षं झाली तरी फिरत राहतो.

आम्ही काय केलं, तर दोन बायोडेटा बनवले. ग्रुपवर फिरणाऱ्यात पहिलं नाव, जन्मवर्ष, शिक्षण, शहर, नोकरीचं क्षेत्र आणि संपर्काला वडिलांचा वेगळा घेतलेला नंबर एवढंच. पत्रिका, मामा, पत्ता, पगार हे सगळं दुसऱ्यात, आणि तो समोरच्या घराशी एकदा फोनवर बोलणं झाल्यावरच पाठवायचा. सुरुवातीला नातेवाईकांनी कुरकुर केली, स्थळं येणार नाहीत म्हणाले, पण स्थळं आली.

बाकी या गोष्टी शोधा:

- लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची निमंत्रणं उघड पोस्टमध्ये. पत्ता, फ्लॅट नंबर आणि घर नेमकं कुठल्या दिवशी रिकामं असणार ते
- बारशाचे फोटो, बाळाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख. त्या बाळाचं आधार निघायच्या आधी त्याची माहिती बाहेर असते
- नवीन गाडीचे पेढे वाटतानाचे फोटो, नंबरप्लेट दिसते
- लसीचं सर्टिफिकेट. २०२१ मध्ये लोकांनी हौसेने स्टेटसला ठेवली तेव्हा गृह मंत्रालयाच्या सायबर दोस्त या ट्विटर अकाउंटनेही हे टाकू नका म्हणून सांगितलं होतं. जुने फोटो अजून पडलेले असतात
- शाळेचा किंवा क्लासचा उघड पेज, मुलांची नावं आणि फोटो

काढायला सांगताना "डिलीट करा" असं टाकून बोललं की माणसं दुखावतात. सासूबाईंच्या बहिणीला मी एवढंच म्हटलं, "मावशी, फोटो छान आहे, फक्त तो घरच्या ग्रुपवर ठेवा, फेसबुकवरचा काढता का, पत्ता दिसतोय त्यात." लगेच काढला. टॅग असेल तर टॅग तर तुम्ही स्वतःच काढू शकता, आणि "टॅग झालेली पोस्ट आधी मला दाखव" हे सेटिंग चालू केलं की पुढचा त्रास वाचतो.

७. आता कमी करा, मोठ्या आकड्यापासून

तक्ता आकड्यानुसार लावा आणि वरून सुरू करा. सगळं एका दिवसात करू नका.

मोबाइल नंबर. जुन्या जाहिराती, कॉमेंट, पेज जिथे जिथे लिहिला आहे तिथून काढा. फेसबुकमध्ये "नंबरवरून मला कोण शोधू शकतं" हे "ओन्ली मी" करा. २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींच्या वर लोकांचे नंबर उघड्यावर आले ते कॉन्टॅक्ट शोधायच्या सोयीचा गैरवापर करूनच गोळा केलेले होते. टेलिग्राममध्ये पण नंबर कोणाला दिसतो ते बघा. वस्तू विकायला किंवा बायोडेटाला शक्य असेल तर वेगळं सिम ठेवा, जे बँकेला जोडलेलं नाही.

जन्मतारीख. फेसबुकमध्ये दिवस महिना आणि वर्ष यांना वेगवेगळं सेटिंग देता येतं. वर्ष "ओन्ली मी" करा, शुभेच्छा मिळतच राहतील.

जुन्या पोस्ट. फेसबुकमध्ये "लिमिट पास्ट पोस्ट्स" आहे, एका क्लिकमध्ये आजवरच्या सगळ्या उघड पोस्ट फक्त फ्रेंड्सपुरत्या होतात. हे मला सगळ्यात उपयोगी वाटलं.

प्रोफाइल लॉक केलं की सगळं झालं असं मात्र समजू नका. लॉक असलं तरी उघड ग्रुपमधल्या आणि पेजवरच्या तुमच्या कॉमेंट सगळ्यांना दिसतात, इन्स्टाग्राम प्रायव्हेट केलं तरी बायो आणि प्रोफाइल फोटो दिसतोच. बायोमध्ये लोक गाव, कॉलेज, वाढदिवस सगळं लिहून ठेवतात.

फोटोतलं लोकेशन. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते, पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की प्रश्न मिटतो. रनिंगच्या ॲपमध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय असते, ती लावाच. २०१८ मध्ये स्ट्रावा या अशाच ॲपच्या नकाशावर लष्करी तळांच्या आतले पळायचे रस्ते दिसले होते.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरं खरी देऊ नका. आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर तिथे भलताच शब्द द्या आणि तो जपून लिहून ठेवा. आधारची कॉपी द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, आणि बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

मग परत बेरीज करा. आपल्या काल्पनिक बाईने जाहिरात काढली, आता नंबर निवडक लोकांनाच, म्हणजे ४. जन्मवर्ष झाकून वाढदिवस निवडकांना, ४. माहेरचं आडनाव फक्त फ्रेंड्सना, ६. युनिफॉर्मचे फोटो काढले, ०. गाव, नोकरी आणि पत्ता तसंच. बेरीज ३०, आणि दोन्ही जोड्या तुटल्या. ८२ चे ३०, आणि ती अजूनही फेसबुकवर आहे, फोटो टाकते, लोकांशी बोलते.

शून्यावर यायचा प्रयत्न करू नका, ते होत नाही आणि त्यापायी माणसं तुटतात. आणि एकदा उघडं पडलेलं पुसलं तरी कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असू शकतो, म्हणून जुन्या पडलेल्या जन्मतारखेपेक्षा जे बदलता येतं, म्हणजे पासवर्ड, सुरक्षा प्रश्न, बँकेला जोडलेला मोबाइल नंबर, ते बदलण्यावर जोर द्या. बदली, लग्न, बाळ, नवीन घर, असं काही घडलं की परत मोजा, कारण याच वेळी सगळ्यात जास्त माहिती बाहेर जाते.

८. कायदा काय देतो, आणि काही झालंच तर

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, बरीचशी कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण त्यातली एक तरतूद आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. जी माहिती तुम्ही स्वतःहून सगळ्यांसाठी उघड केली आहे तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे आपल्या तक्त्यात "दिसणं ४" च्या ज्या ओळी तुम्ही स्वतः टाकल्या आहेत, त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. ४ चे २ करायला एवढं एक कारण पुरे आहे. आणि घरगुती वापरासाठी नातेवाईकांनी ठेवलेल्या माहितीलाही तो लागू नाही, तिथे सहावी पायरीच कामाला येते.

पैसे गेले किंवा जाताहेत असं वाटलं तर क्षणभर न थांबता १९३० ला फोन, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आधी अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या नावावर भलतंच सिम निघालंय का ते संचार साथीच्या साइटवर बघता येतं आणि तिथूनच ते बंद करायला सांगता येतं. फेक प्रोफाइल असेल तर स्वतः रिपोर्ट करा आणि ओळखीच्यांनाही करायला सांगा. खाजगी फोटो पसरवायची धमकी असेल तर "स्टॉप एनसीआयआय" या साइटवर तुमचा फोटो तुमच्या फोनबाहेर न जाता त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तो सहभागी प्लॅटफॉर्मना दिला जातो. ही सोय अठराच्या पुढच्यांसाठी आहे, त्याखालच्या मुलामुलींसाठी "टेक इट डाउन" आहे.

आणि तक्रार करायच्या आधी घाईघाईत चॅट, प्रोफाइल किंवा पोस्ट डिलीट किंवा ब्लॉक करू नका. आधी तारीख, वेळ आणि प्रोफाइलची लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या, मग ब्लॉक करा. पोलिस ठाण्यात पहिल्यांदा हेच मागतात.